क्राकोव पाठ असलेला माणूस

“पायऱ्या मोजल्यास का?”

पोलंडहून परतलेल्या माणसाला आमचे स्टोअर-काका पहिला प्रश्न हाच विचारायचे. प्रवास कसा झाला, तब्येत बरी ना, वगैरे चौकशा नंतर. त्याआधी मिठाच्या खाणीच्या पायऱ्या.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत नोकरीला होते. आम्ही पॅकिंगची मशीनं जोडायचो. त्यांचे सुटे भाग क्राकोवजवळच्या एका कारखान्यातून यायचे आणि दर जानेवारीत आमच्यातल्या एकाला तिकडे ट्रेनिंगला पाठवत. शारजात वाढलेल्या माझ्यासारख्यांच्या कपाटात धड स्वेटरही नसायचा. म्हणून कंपनीने एक जाड ओव्हरकोट घेऊन ठेवला होता. तो स्टोअरमध्ये बेअरिंगांच्या शेजारी टांगलेला असे आणि जाणाऱ्याला काकांकडे स्लिप भरून तो घ्यावा लागे. उंच माणसाच्या तो गुडघ्यापर्यंत यायचा, माझ्या घोट्यापर्यंत आला.

कोटाबरोबर सल्ले फुकट. काका गुहागरकडचे, तेव्हा अठरा वर्षं शारजात. पोलंडला ते कधीच गेलेले नव्हते, स्टोअरकीपरला कोण पाठवणार? पण क्राकोव त्यांना तोंडपाठ होतं. गेलेल्या प्रत्येकाला पिळून त्यांनी ते गोळा केलं होतं आणि स्टोअरच्या मालाची असतात तशी पुठ्ठ्याची कार्डं त्याचीही केली होती. चौकाचं एक कार्ड, किल्ल्याचं एक, ट्रामचं एक.

“हे बघ पोरी,” ते मला म्हणाले, “पहिल्या दिवशी मोठ्या चौकात जायचं. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यातून दर तासाला एक जण तुतारी वाजवतो आणि मध्येच थांबतो. त्याचं बिघडलंय असं समजू नकोस, रीतच आहे ती. गाडीवर कडं मिळतं पावाचं, ते घे. दुपारी दूध-बार म्हणून स्वस्त खानावळी आहेत, तिथे बिटाचं सार आणि उकडलेल्या करंज्या. सोमवारी चालतील अशा कुठल्या, ते विचारून ये.”

“तुमचा सोमवार असतो का काका?”

“तू विचारून ये.”

सल्ल्यांनंतर सराव. आमच्या शेजारी गोठवलेल्या चिकनचं कोल्ड स्टोअर होतं, उणे अठरा अंशांचं. पोलंडला जाणाऱ्या प्रत्येकाला काका कोट घालून तिथे दहा मिनिटं उभं करायचे. तिथला मल्याळी सुपरवायझर दार उघडताना हसायचा. “काका, फिर नया आदमी लाया?” काका घड्याळ हातात घेऊन बाहेर थांबायचे. “यल्ला, नाक झाक! चालत राहा, उभी राहू नकोस!” मी दहा मिनिटं कोंबड्यांच्या खोक्यांमधून येरझाऱ्या घातल्या. पुढे क्राकोवच्या चौकात बर्फ भुरभुरत असताना माझ्या नाकाला सारखा चिकनचा वास येत होता, तो या सरावामुळे.

तिथे मी सगळं केलं. तुतारी ऐकली, कडं खाल्लं, खाणीची खारट भिंतही त्यांच्या हुकमाप्रमाणे चाटून पाहिली. पायऱ्या मात्र दोनशेच्या पुढे कुठेतरी चुकल्या.

“चुकल्या?” परतल्यावर मी हे सांगताच काका खुर्चीतून उठलेच. “मग गेलीस कशाला?”

मलाही राग आला. “साडेतीनशेच्या वर आहेत, पुस्तकात छापलंय. तुम्हाला कशाला हव्यात एवढ्या?”

“पुस्तकात बसायला जागा कुठे आहे ते छापतात का? तुझ्या काकूचे गुडघे दुखतात.”

मग त्यांनी सांगितलं. पोलंडचा कारखाना दर वर्षी कॅलेंडर पाठवायचा. बर्फातल्या चौकाचं चित्र असलेलं एक त्यांनी कधीतरी गावी नेलं होतं. काकूंनी नंतर पत्रात एक ओळ लिहिली, ‘किती सुंदर आहे, पण आपल्याला तिथे कोण नेणार?’ त्या एका ओळीवर या माणसाने सात वर्षं कार्डं लिहिली होती. नोकरी सोडताना काकूंना घेऊन आठ दिवस क्राकोवला जायचं आणि तिथून परस्पर घरी, असं त्यांचं ठरलं होतं. आम्ही इतकी वर्षं त्यांची चेष्टा करत होतो, त्याची मला लाज वाटली.

पुढच्या डिसेंबरात काकांनी राजीनामा दिला आणि काकूंना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. रोल्ला भागातल्या त्यांच्या खोलीत सहा पुरुष, म्हणून माझ्या आईने काकूंना आमच्याकडेच ठेवून घेतलं. रोज संध्याकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात हजर. आई म्हणायची, “या जावईबापू.” ते लाजायचे.

पोलंडच्या कारखान्याने व्हिसासाठी आमंत्रणाचं पत्र पाठवलं. मग काकांनी काकूंचा गेटपास काढला, नऊवारीवर तो कोट चढवला आणि त्यांना सरावाला कोल्ड स्टोअरमध्ये नेलं. अर्धी कंपनी बघायला जमली होती.

काकू दोन मिनिटांत बाहेर आल्या. “मी नाही जायची.”

“अगं, मोजे दोन-दोन घालू. सवय होते.”

“थंडीचं नाही हो. तिथे तुमचं कोण आहे?”

“कोण म्हणजे? तूच लिहिलं होतंस ना पत्रात?”

“मी? असेल लिहिलं.” काकूंनी कोट काढून त्याची नीट घडी घातली. “एकोणीस वर्षं तुम्ही इथे होता. मला ते बघायचंय.”

आम्ही सगळे हळूच पांगलो.

शुक्रवारी मी दोघांना माझ्या गाडीतून रोल्लाला नेलं. काकांच्या खोलीतल्यांनी खोली आवरून ठेवली होती आणि ते पाचही जण खाली रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते. काकू काकांच्या पलंगावर बसल्या. भिंतीवरून हात फिरवला.

“खिडकी नाही?”

“नाही.”

“मग उजाडलेलं कसं कळतं?”

“अलार्म लावतो.”

“फोनवर तर म्हणायचात, मजेत आहे.” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण बोलणं काकांशीच होतं. मग विचारलं, “सुट्टीच्या दिवशी काय करायचात इथे?”

क्राकोवचे आठ दिवस तासातासाने सांगणारा माणूस एवढंच म्हणाला, “झोपायचो.” मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

क्राकोव रद्द झालं. गावी परत जायला पंधरा दिवस उरले होते. रोज संध्याकाळी दोघं शारजा बघायला बाहेर पडू लागली. या कामात काका अगदीच कच्चे निघाले. कंपनीची बस आणि रोल्ला यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं. आई दोघांना रस्ते समजावून द्यायची आणि दोघं रोज वेगळ्याच बाजूने उशिरा परत यायची. काकूंचे गुडघे दुखायचे, पण सकाळी पुन्हा विचारायच्या, “आज कुठे?”

आता त्यांना गावी परतून बरीच वर्षं झाली. काका आठवले की मला त्या पंधरवड्यातली एक संध्याकाळ आठवते. मी ऑफिसातून निघत होते, एवढ्यात मोबाइल वाजला. काका रस्त्यावरच्या बूथवरून बोलत होते.

“पोरी, आम्ही चुकलो बहुतेक. कुठे आहोत, कळत नाही.”

“समोर काय दिसतंय?”

“पाणी. मधोमध मोठं कारंजं. एक बाक आहे. ही बसलीय.” मागून काकूंचं हसू ऐकू आलं, आणि मग कसली तरी पिशवी उघडल्याचा आवाज.

“कळलं मला. तिथेच थांबा काका, हलू नका. मी निघालेच, पोचते अर्ध्या तासात.”

“घाई करू नकोस,” काका म्हणाले. “सावकाश ये.”