चार भोंगे आणि एक कान

मार्चमध्ये एका सकाळी उठलो तो उजवा कान बंद. सर्दी असेल म्हणून दोन आठवडे वाफ घेतली, तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो, आणि त्यांनी तोंडावर सांगितलं, यायला उशीर केलात. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, कान काही परत आला नाही. तसं माणसाचं एका कानावर भागतं. पण गेली नऊ वर्षं मी क्वाड्राफोनिक ध्वनिमुद्रणं जमवतोय, आणि या छंदाला दोन्ही कान लागतात.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्तरच्या दशकात काही कंपन्यांनी चार स्पीकरसाठी अल्बम काढले. दोन स्पीकर समोर, दोन पाठीमागे, ऐकणारा मधोमध. महाग आणि किचकट असल्यामुळे ते थोड्याच वर्षांत बुडालं. हल्ली त्या जुन्या फिती शोधून, साफ करून डिस्कवर पुन्हा काढतात. परदेशातून मागवायच्या, एकेक अडीच-तीन हजारांना पडते. माझ्याकडे एक्केचाळीस आहेत. मी पेशाने ड्राफ्ट्समन, त्यामुळे हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, बरोबर मध्यावर एकच खुर्ची, आणि डिस्क चालू असताना हॉलमध्ये कुणी वावरायचं नाही. माझी बायको वैशाली नऊ वर्षं आतल्या खोलीचं दार लोटून बसत आली. कान गेल्यावर त्या खुर्चीत बसलो की चारही स्पीकर डावीकडे एका ढिगात पडल्यासारखे वाटायचे. सहा महिने स्वतःची समजूत घातली. मग ठरवलं, सगळं देऊन टाकायचं.

कुणाला, हा प्रश्न नव्हता. आमच्या छांदिष्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बार्शीटाकळीचे वानखडे सर आहेत. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले आणि घरच्या मागच्या खोलीत स्वतः स्पीकरची चार खोकी बांधून बसवली. वस्तू योग्य हाती पडावी, एवढीच माझी इच्छा. 'भेटायला येतोय,' इतकंच कळवलं. कानाचं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुण्याहून संध्याकाळची गाडी धरली की सकाळी बडनेऱ्याला उतरता येतं. तिथून अमरावती रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. नोव्हेंबरात जा, हवा छान असते आणि वरूडकडच्या संत्र्यांचे ढीग रस्त्याकडेलाच लागलेले असतात. नाश्त्याला गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला, वर झणझणीत चटणी. पुणेकराने चटणी कमी सांगावी. मी सांगितली नाही आणि दुपारपर्यंत नाक पुसत होतो.

अमरावतीत थांबायचं कारण इरफानभाई. इतवारा बाजाराजवळ त्यांचं जुन्या रेकॉर्डांचं दुकान आहे. चार स्पीकरवाल्या दोन मूळ रेकॉर्डी त्यांनी माझ्यासाठी उन्हाळ्यापासून बाजूला ठेवल्या होत्या. "आता नको," म्हणालो. त्यांनी डिस्क भरलेल्या माझ्या थैलीत डोकावून पाहिलं.

"हे कुठी घिऊन चालले?"

"वानखडे सरांना द्यायला."

"काहून? भांडन झालं का घरी?"

मी हसण्यावारी नेलं. त्यांनी अर्धा कप चहा पाजला. मात्र त्या दोन रेकॉर्डी परत मांडणीवर न ठेवता खालच्या कपाटात सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने अकोला. मूर्तिजापूरवरून दोन-अडीच तास, रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणाऱ्या बायकांच्या रांगा. अकोल्याहून बार्शीटाकळी अर्धा-पाऊण तास. सर स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते. सत्तरीचे, काटक, खिशाला टेस्टर लावलेला. थैली उचलून म्हणाले, "विटा आनल्या का जी?"

घर साधं. समोरच्या दोन स्पीकरांच्या मधे फळीवर बुद्धमूर्ती, मागच्या उजव्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचं दार, आणि मध्यावर वेताची एकच खुर्ची. मी म्हटलं, सर, तुम्ही बसा. ते ऐकेनात. "पाहुना मंधात बसन, नाई त मंग बोलावलं कायले?" मग कळलं की ही या घराची रीतच. आल्यागेल्याला ते आधी त्या खुर्चीत बसवतात आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहतात.

बसलो. त्यांनी एका जॅझ वाद्यवृंदाची डिस्क लावली. ही माझ्याकडेही होती, शंभरदा ऐकलेली. सगळं डावीकडे, ढिगात. सर माझ्या तोंडाकडे परीक्षेचा निकाल बघावा तसे बघत होते.

"कसं वाटून राह्यलं?"

"अप्रतिम," मी म्हणालो. चेहरा कोरा ठेवून खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

तेवढ्यात कुठूनशी गुणगुण ऐकू आली. मान वळवली. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मागच्या उजव्या स्पीकरला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात सुपात तुरीची डाळ. निवडता निवडता त्या एक सूर गुणगुणत होत्या, आणि तो सूर मला मुळीच ओळखीचा नव्हता. पण चालू डिस्कशी तो नेमका जुळत होता, म्हणजे मी शंभरदा ऐकलेल्या डिस्कमधलाच!

उठलो, त्यांच्याजवळ जाऊन खाली बसलो आणि डावा कान त्या खोक्याला लावला. आत एक ट्रॉम्बोन होता, ते लांब नळीचं पितळी वाद्य, एकटा, हळू, सगळ्या कल्लोळाच्या मागून स्वतःचंच काही सांगत चाललेला. दोन्ही धडधाकट कान घेऊन मधोमध बसलो तेव्हा मला तो कधी वेगळा ऐकू आला नव्हता. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, रडूही आलं.

"तुम्हाला पाठ आहे हे?" मी विचारलं.

"रोज अठीच बसतो ना मी, सैपाकाजवळ. म्हून याचंच येते मले. बाकीचं तिकडचं तिकडं."

सर वैतागून म्हणाले, "किती सांगतलं इले, मंधात बस म्हून. एक डाव बसली त म्हन्ते, लय गर्दी हाये, माहावाला सूर कुठी गेला?"

"मंग? मले एवढंच येते, पन हे पुरं येते," काकू म्हणाल्या आणि डाळीतला खडा काढून फेकला.

मग मी सगळं सांगितलं. कान, मार्च महिना, थैली कशासाठी आणली ते. मला वाटलं, सर हळहळतील. ते भडकले.

"एक्केचाळीस डिस्का मले द्यायले आनल्या? अन् तुमी काय आइकसान, पंख्याचा आवाज? एक कान गेला तं एका कोपऱ्यात बसा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोपऱ्यात बसा. चार दिवस लागतीन. घाई हाये का काई?"

शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसासमोर वाद घालता येत नाही. जेवायला बेसनाच्या पातोडीची रस्साभाजी, भाकर आणि ठेचा होता. जेवणानंतर मी उरलेल्या तीन कोपऱ्यांत आळीपाळीने बसलो. एकात खंजिरी सापडली, एकात वादकाचा श्वास. तीच डिस्क आणखी तीनदा लावायला लागली, सरांनी एकदाही कुरकुर केली नाही. निघताना थैली जागच्या जागी होती, फक्त जड झालेली. डिस्कांवर दोन किलो तूरडाळ. "रिकाम्या हातानं पाहुना जात नाई," काकू म्हणाल्या. "घरी सुनबाईले सांगजा, वरन चांगलं होते याचं."

घरी पोचल्यावर वैशालीने थैली उघडली आणि डाळीखालच्या डिस्क बघून माझ्याकडे पाहिलं. त्या प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर ठेच्याची आग, कापसाचे ते पांढरे पट्टे, आणि हिशेबात न बसणारी एक गोष्ट: माझं ऐकणं कमी झालं ते मार्चमध्ये नव्हे, खूप आधी.

रविवारी दुपारी एक डिस्क लावली आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हटलं, बाहेर येतेस का. ती आली, अवघडून उभी राहिली. नऊ वर्षांत मी कधी बोलावलं नव्हतं, त्यामुळे कुठे बसायचं ते तिला माहीत नव्हतं. म्हटलं, कुठेही बस. ती माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला, जमिनीवर बसली. बराच वेळ मी डावीकडचं ऐकत होतो, नंतर तिच्याकडे वाकलो.

"उजवीकडे काय चाललंय गं?"

"थांब, अजून काही नाही," ती डोळे मिटून म्हणाली. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हां. आता आली बघ. बासरी आहे."