चादरीखालचं बटण

सातेरीपुढे उभी राहिले की मुलांसाठी मागते, नवऱ्यासाठी मागते – हे तेवढं गिळते. देवीला नाही सांगितलं, माणसांना कुठलं सांगणार? आज तुम्हांला सांगते. का, ते विचारू नका.

माझी पिशवी काढली तेव्हा नवरा बार्जवर, त्या मालवाहू बोटीवर कामाला, सोबतीला कायम असं कुणी नव्हतं. म्हापशाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाठीत बारीक नळी ठेवली होती आणि हातात एक बटण – कळ आली की दाबायचं, औषध आत जातं. मी दाबत होते हो! सारखी दाबत होते. पण पेडण्याहून माणसं भेटायला आली की हात चादरीखाली. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमची सून बघा, हूं की चूं नाही. एवढं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं. मग मीच म्हणाले, साध्या गोळ्यांवर भागवलं. कुणी विचारलं होतं का? नाही. गोडी लागली, दुसरं काय.

पुढे धाकट्या जावेला, सुलभाला, तेच ऑपरेशन सांगितलं. नळी ठेवू की गोळ्या-इंजेक्शनं देऊ, डॉक्टरांनी तिलाच ठरवायला सांगितलं. पाठीत सुई म्हणताच ती घाबरली. घरी आल्या आल्या मला विचारलं, "वयनी, खरं सांग, गोळ्यांवर भागतं गो?"

सासूबाई तिथेच नारळ खवत होत्या. मी तोंड उघडलं – खरं बोलायलाच उघडलं होतं – आणि म्हणाले, "भागतं."

ऑपरेशननंतर तिच्यापाशी मीच होते. चादरीचं टोक दातांत धरून पडली होती. नर्स येऊन विचारायची, दुखतंय का, आणखी इंजेक्शन देऊ का? सुलभा आधी माझ्याकडे बघायची, मग नको म्हणायची. आणि मी? कपाळ पुसलं, पेज भरवली. घरी सासूबाई तिला नाजूक म्हणाल्या तेव्हा मी भाजी चिरत होते – चिरतच राहिले.

तिनं माझ्यावर चिडायला हवं होतं. उलट माझा हात धरून म्हणाली, "मी तुझ्यासारखी नाय गो, वयनी." लाज तिला वाटत होती – तिला!

परवा शेजारणीच्या मुलीचं ऑपरेशन ठरलं. सुलभानं तिला माझ्याकडेच पाठवलं – वयनीला विचार, ती खरं सांगेल. मी तिला नळीचं सांगितलं, बटणाचं सांगितलं, डॉक्टर देत असतील तर घाबरू नको म्हणाले. तुम्हांला हे सगळं कसं माहीत, तिनं विचारलं.

ऐकलंय कुणाकडून तरी, म्हणाले मी.