उन्हामागे फिरलेला पाट

कोलशेतला आमची खोली घरमालकिणीच्या ओट्याला लागूनच होती. भिंत एकच, त्यामुळे तिकडे सुकट भाजली की इकडे मला शिंका. मी परभणीकडची, सातवीतच शाळा सुटलेली, लग्न करून इथे आलेली. आल्या आल्या कावीळ झाली तेव्हा ह्याच बाईने मला सांभाळलं. पेज तिची, औषध तिचं, बोलणीही तिचीच. "खा गो, तुझी हाडं आता लांबून दिसतात," म्हणायची. हिच्यासाठी आपणही काहीतरी करावं, असं तेव्हापासून माझ्या मनात सारखं चाललेलं.

तो योग तिच्या मुलीच्या लग्नात आला. मालकिणीकडे एक शिसवी पाट होता. तिची स्वतःची हळद ह्याच पाटावर लागलेली. त्यावर वेल कोरून खाचांमध्ये पितळेच्या पट्ट्या बसवल्या होत्या, पण पितळ कधीच निखळून गेलं होतं. मुलीनेही ह्याच पाटावर बसावं, अशी तिची फार इच्छा. "पन ह्या खाचांत साडी अडकंल," म्हणत ती पाट पुसायची आणि परत फळीवर ठेवून द्यायची.

आमचे हे जवळच्याच कारखान्यात होते. लाकडावर चकचकीत थर चढवायचा एक नवा रस तिथे करून बघत होते. मधासारखा दाट, पाण्यासारखा नितळ. रेझीन म्हणायचे त्याला. साहेबांना विचारून ह्यांनी उरलेलं थोडं काळ्या डब्यातून घरी आणलं. उजेड लागला की ते दगडासारखं घट्ट होतं, म्हणून डबा काळा.

"तिथे निळ्या दिव्याखाली धरतात," हे म्हणाले. "पण साहेब म्हणाले, कडक ऊनही चालेल. फक्त हाताला लागू द्यायचं नाही."

खाचा भरून देते म्हणत मी भीत भीत पाट मागितला.

"बिघरवशील नं?" मालकिणीने विचारलं.

"नाही मावशी."

"बिघरव, पन मंग तूच मांडी घाल आनी तिला मांडीवर बसव."

खिडकीला चादर लावली, हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि बसले. वेलीच्या फुलांसाठी रसात कुंकू कालवलं, पानांसाठी हळद. लग्नाचं काम, त्यात कंजुषी कशाला, म्हणून चांगलं सढळ हाताने. मधल्या ठिपक्यांत खाडीवरच्या शिंपल्यांचे बारीक तुकडे ठेवले. सगळ्या खाचा काठोकाठ भरल्या आणि पाट अंगणात उन्हात ठेवला. दुपारी बोट लावून बघितलं तर वरून काचेसारखं कडक. मी इतकी खूश झाले, की पाट उचलून सरळ मालकिणीकडे नेला. तिने बघायला म्हणून उभा धरला, तर एका फुलाची साल फुटली आणि आतून लालभडक ओघळ सुरू झाला.

मालकिणीने पाट पटकन आडवा केला. मग म्हणाली, "पाटाला फोर आला काय गो?" फोड म्हणायचं होतं तिला.

मुलगी हसत सुटली. हळदीचा दिवस तोंडावर आलेला. ह्या बाईने मला मरणातून उठवलं आणि मी तिचा पाट घालवला. दुपारी जेवण गेलं नाही. संध्याकाळी ह्यांनी खाचेत काडी घालून बघितलं.

"रंग दाट झालाय. ऊन खालपर्यंत पोचतच नाही."

ओट्यावरून मालकीण ऐकत होती. "आंबापोली घालताना तू सगला रस एकदम ओततेस का?"

"आमच्याकडे आंबापोळी नाही करत, मावशी."

"मंग उन्हाल्यात करता काय तुमी लोकं?" असं म्हणून तिने समजावलं. ताटात रसाचा पातळ हात फिरवायचा. तो सुकला की त्यावर दुसरा, मग तिसरा. घाई केली तर वरून पोळी आणि खाली चिकट लगदा. "तुजा हा लगदा झालाय. काढ तो, रडतेस कशाला?"

केसांच्या आकड्याने सगळ्या खाचा कोरून काढल्या, स्पिरिटने पुसल्या. ह्या वेळी कुंकू चिमटीच्या टोकावर येईल एवढंच. पातळ थर, मग ऊन. पुन्हा थर, पुन्हा ऊन. थंडीतलं ऊन आमच्या अंगणात फार वेळ थांबत नसे. ते शेजारच्या ओट्यावर सरकलं की आम्ही दोघी पाट धरून तिकडे. तिथून ते पलीकडे गेलं की पलीकडच्या बाईकडे. जिथे पाट जाई तिथे चहा होई. कुणी लग्नाची गाणी म्हणे, कुणी काठी घेऊन कावळे हाकलत बसे.

"अगो, हे खायचं नाय," मी काठीवालीला सांगितलं. माझ्याही तोंडी आता तिथली बोली येऊ लागली होती.

"कावल्याला काय ठावं?"

शेवटचा थर वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवला, खोबरेल लावलं. तेव्हा कुठे पानं उजळली. कुंकवाची फुलं अशी दिसायला लागली, जणू कुणी आतून दिवा लावलाय.

हळदीच्या दिवशी मांडवात बेंजो वाजत होता आणि माझं सगळं लक्ष नवरीच्या साडीकडे. पाट चिकटला तर? पुन्हा फुटला तर? ती उठल्याबरोबर मी खाली वाकून पाट चाचपायला लागले.

"काय शोधतेस?" मालकीण मागून म्हणाली. "अंडं घातलं काय तिनं?"

सगळ्या बायका हसल्या. पाट कोरडा ठणठणीत होता. वर नुसती हळद सांडलेली; ती मी पदराने पुसली. सरळ होऊन बघते तो मालकीण तांदूळ, खण आणि नारळ घेऊन समोर उभी.

"बस."

"मी? आज माझं काय?"

"लेकीची ओटी भरून झाली, आता दुसरीची. तुजं माहेर लांब हाय, म्हनून मी काय मेली?"

मी बसले, पण अर्धी अधांतरी. इतक्या खटपटीने भरलेल्या फुलांवर भार टाकायला जीव होईना. तिने दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले आणि खाली दाबलं.

"नीट बस गो. तूच भरलास नं? मंग बस."