पऱ्हाट्यांचं पोतं

जैनथच्या बसमध्ये आमच्या गावातला एक पोरगा कापसाच्या पऱ्हाट्यांचं, म्हणजे वाळलेल्या काड्यांचं, अर्धं पोतं मांडीवर घेऊन बसतो. कंडक्टर "खाली ठेव" म्हणाला, की "सॅम्पल आहे" म्हणतो. विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगची पीएचडी करतो. पऱ्हाट्यांच्या कोळशानं कारखान्यातलं रंगाचं पाणी साफ करतो. "अजून शिकूनच राह्यला का?" असं कुणी विचारलं, की नुसता हसतो.

परवा मला म्हणाला, "काका, सॅम्पल गेलं. आमच्या वावरातल्या पऱ्हाट्या काळ्या पडल्या म्हणून मायनं चुलीत घातल्या. शेजाऱ्याच्या वावरातल्या चांगल्या आणून तिनंच पोतं भरलं. सारे प्रयोग आमच्याच पऱ्हाट्यांवर होते, आता दोन वर्षांचं काम पयल्यापासून करा लागते."

तरी पोतं मांडीवरच होतं.

"मग मायला बोलला काऊन नाही?" मी विचारलं.

"कसं बोलू? तिनं एकेक काडी पदरानं पुसली होती."