आक्कांच्या गच्चीवरची जाहिरात

तुमच्या घरी दसरा काढायला दुसरी बाई आली, तर तिला तुम्ही पुढच्या दारानं आत घ्याल की मागच्या?

महानंदा आक्कांनी फोनवर स्पष्टच सांगितलं. "मागच्या दारानं या. सकाळी लवकर. ते नाव छापलेले एप्रन घालू नका. कुणी विचारलं तर पाव्हण्या हाव म्हणून सांगा."

दसरा काढणं म्हणजे घट बसायच्या आधी अख्खं घर उपसून धुणं. माळ्यावरचे डबे, तांब्यापितळेची भांडी, कपाटामागची जळमटं आणि घरातलं एकूण एक पांघरूण. मोठ्या शहरात याच्या जवळपासच्या कामाला डीप क्लीनिंग म्हणतात. उमरग्यात मी घरसफाईचा व्यवसाय करते. माझ्यासोबत चार बायका आहेत. घटाआधीचा पंधरवडा हा आमचा सीझन. तो आमचा पहिलाच सीझन होता आणि त्यातले निम्मे दिवस रिकामे गेले होते.

रिकाम्या दिवसांचा सगळ्यात जास्त घोर कमळकाकूंना होता. त्या मूळच्या माकणीच्या, वय पन्नाशीच्या पुढं, उजवा गुडघा दुखरा. दर वर्षी दसरा झाला की त्या सुनेबरोबर ऊसतोडीला जायच्या. टोळी जमवणाऱ्या मुकादमाला दसऱ्यापर्यंत हो की नाही सांगायचं होतं. सून जाणारच होती. काकूही गेल्या तर आठवीतली नात शाळा सोडून त्यांच्यासोबत उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत राहणार. काकू थांबल्या तर नात थांबणार. आणि काकू थांबणार त्या माझ्या भरवशावर.

मी काय केलं होतं? पत्रक काढलं होतं. लहानपणापासून मी चळवळीची पत्रकंच वाचत आले, त्यामुळं मला दुसरं सुचलंही नाही. त्यात मी लिहिलं होतं, "घरकाम हे काम आहे. ते करणारीला नाव आहे. तिला नावानं हाक मारा, घरातल्याच कपात चहा द्या, आणि मगच आम्हाला बोलवा." आठवडी बाजारात, दवाखान्यांच्या बाहेर, बसस्टँडवर मी स्वतः उभी राहून ते वाटलं. चौघींच्या एप्रनवर त्यांची पूर्ण नावं छापून घेतली.

तीन फोन आले. तिघींनीही पहिल्यांदा एकच विचारलं, "बायका कोणाच्यातल्या?" मी नावं सांगितली, आडनावासकट. पलीकडून आधी "बरं". मग "कळवते". कुणीही कळवलं नाही.

मी ज्यांच्याकडं उद्योजकतेचं प्रशिक्षण घेतलं, त्या सरांना पत्रक दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"ही जाहिरात आहे की नोटीस?"

"यात खोटं काय आहे, सर?"

"खोटं काहीच नाही. पण लोक घर साफ करून घ्यायला बोलवतात, स्वतःला नाही. लीड किती आल्या?"

लीड म्हणजे विचारपूस करणारा माणूस, जो पुढं गिऱ्हाईक होऊ शकतो. मी म्हटलं, "तीन. तिन्ही गेल्या."

"मग हे भाषण काढा. सवलत टाका. आणि ती आडनावं कशाला?"

मी आडनावं काढली नाहीत. घरी येऊन कमळकाकूंना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पोरी, माझ्या सुनंनं वाचून दाखवलं तुझं पत्रक. मला वाटलं मोर्चाला बोलवायलीस."

अशात आक्कांचा फोन आला. आक्कांनी आडनावं विचारली नाहीत. त्या स्वतःच्याच लाजेत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एक मुलगा पुण्याला, एक हैदराबादला, यजमान, म्हणजे गुरुजी, जाऊन दोन वर्षं झालेली. आजवर त्यांनी स्वतःच्या हातानं दसरा काढला होता. आता दुसऱ्या बाईला बोलवलं हे गल्लीला कळू द्यायचं नव्हतं. गिऱ्हाइकाला धुळीची लाज वाटते असं मी समजत होते. खरी लाज मदत मागितल्याची होती.

मला नाहीच म्हणायचं होतं. मागचं दार, वर खोटं नातं. काकूंनी विचारलं, "तुला दार पायजे का काम?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या दारानं गेलो.

दुपारपर्यंत माळा आणि स्वयंपाकघर झालं. आक्कांनी मागच्या पायरीवर दोन पत्रावळी मांडल्या. मी त्या पत्रावळींकडं बघतच होते, तेवढ्यात पुढच्या दारानं शेजारच्या जगदेवी वहिनी आत आल्या.

"आक्का, कोण आलंय?"

"पाव्हण्या हायेत. माकणीच्या," आक्का म्हणाल्या.

"मग पाव्हण्यांना पायरीवर बसवलाव व्हय?"

आता आक्कांना दुसरा मार्ग नव्हता. पत्रावळी गेल्या. आतल्या खोलीत सतरंजी आली, स्टीलची चार ताटं आली. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. जगदेवी वहिनी काकूंच्या शेजारीच बसल्या आणि चौकशीला लागल्या.

"नात्यानं कोण लागता तुम्ही?"

काकूंनी भाकरी मोडली. "लई लांबच्या हाव, वैनी. इतक्या लांबच्या, की आक्कांनाबी आज सकाळीच कळलं."

आक्कांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्या तांब्याआड हसत होत्या, आणि त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नसावं असं मला वाटलं.

जेवणानंतर आम्ही पांघरुणं काढली. एक वाकळ वेगळी बांधून ठेवलेली होती. आक्का पटकन म्हणाल्या, "ती राहू द्या. गुरुजींच्या धोतरांची हाय. दगडावर आपटली की जाईल."

काकूंनी गाठ सोडली नाही. आधी विचारलं, "बघू का?" आक्कांनी मान हलवली, तेव्हा सोडली. बोटांनी टाके चाचपत त्या कडेकडेनं फिरल्या. धोतरं विरली होती, दोन कोपरे उसवले होते.

"दगडावर न्हाय आपटायची. कोमट पाण्यात रिठा टाकू. पिळायची न्हाय, निथळू द्यायची. आधी कोपरे शिवून घ्यावं लागतील."

आक्का सुईदोरा घेऊन आल्या, पण दोरा ओवता येईना. मी ओवून दिला. दोघी खिडकीच्या उजेडात बसल्या. एका कोपऱ्याला काकू, दुसऱ्याला आक्का.

"दोन वर्सं हात लावायला धजले न्हाय," आक्का म्हणाल्या.

"आमच्या ह्यांची बंडी म्या अशीच ठिवली व्हती. कसर लागून गेली," काकू म्हणाल्या. "ही पांघरा, आक्का. पांघरल्यालीच टिकती."

दोघी टाके घालत राहिल्या. मी पितळेचे डबे न वाजवता घासले.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. गच्चीभर दोऱ्या बांधून आम्ही सगळं वाळत घातलं. गुरुजींची वाकळ मधल्या दोरीवर. शेजारच्या गच्चीवरून जगदेवी वहिनींनी हाक मारली.

"पाव्हण्यांनी लई काम केलं की हो. अशा पाव्हण्या आमाला कुठं मिळत्याल?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. ठरलेलं खोटं त्या बोलणार, तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. आक्का कठड्याला धरून, एकेक पायरी करत वर आल्या होत्या. आधी त्यांनी दम घेतला.

"पाव्हण्या न्हाईत, जगदेवी. म्याच कामाला बोलवलंय. गुडघा चालंना, मला दसरा काढणं होईना. ह्या कमळाबाई कांबळे. धुणं बघ त्यांचं."

आडनाव गच्चीवर मोठ्यानं उच्चारलं गेलं. मी जगदेवी वहिनींच्या तोंडाकडं बघत राहिले. काल त्या याच काकूंना खेटून जेवल्या होत्या.

"म्हणजे काल..." त्या म्हणाल्या.

"काल तू जेवलीस ती भाकर माझीच व्हती," आक्का म्हणाल्या. "आजबी वाढणार हाय. येणार असलीस तर बा, कूडु." त्यांच्या घरच्या कानडीत याचा अर्थ ये, बस.

वहिनी आपल्या जिन्यानं खाली गेल्या. जेवायला आल्या नाहीत. आम्ही तिघीच जेवलो, आतल्या खोलीत, त्याच ताटांत. काकू म्हणाल्या, "आक्का, माझ्यापायी शेजार तुटंल तुमचा." आक्कांनी त्यांच्या ताटात दही वाढलं आणि म्हणाल्या, "तुटू दे. तू जेव."

मी मनात धरलं होतं की उरलेली गल्लीही गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जगदेवी वहिनी होत्या.

"माझ्याकडं कधी यायलाव?"

मी विचारलं, "मागच्या दारानं यायचं का?"

"मागं नाली खोदून ठिवलीय. पुढूनच या."

त्यांचं मन बदललं का, मला माहीत नाही. धुणं मात्र त्यांनी नीट बघितलं होतं. त्यांच्या घरी आम्ही एप्रन घालून गेलो. तिथून तिसरं घर मिळालं, तिथून चौथं. आमच्या धंद्यात याला रेफरल म्हणतात. एका गिऱ्हाइकानं दुसऱ्याला सांगणं, एवढंच. घट बसेपर्यंत आम्हाला एकही दिवस सुट्टी मिळाली नाही. सगळं गोड झालं नाही. एका घरात आमच्यासाठी मुद्दाम कागदी कप आले. काकूंनी उपास आहे म्हणून सांगितलं आणि उरलेलं काम पुरं केलं.

सरांनी विचारलं, "मार्केटिंग काय केलं?"

"मी काही केलं नाही. एका बाईनं शेजारणीला खरं सांगितलं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मुकादमाला नाही सांगितलं. सून एकटी गेली, रडत गेली. नात इथल्या शाळेत आहे. आक्कांनी आम्हाला महिन्यातून दोन दिवसांचं काम लावून दिलं, आणखी पाच घरांनीही लावलं. काकूंचं वर्ष त्यावर निघतंय.

त्या पत्रकातल्या एकाही वाक्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण ती वाक्यं मी म्हणून भागत नव्हतं. मी विकणारी. माझ्या तोंडी ती मागणी होती, आक्कांच्या तोंडी ती खात्री झाली. हे मी सवलतीनं विकत घेऊ शकले नसते.

म्हणून पत्रकाऐवजी तुमच्याकडं एक मागते. तुमच्याकडं काम करणारी बाई घरात असताना कुणी शेजारीण आली, तर गप्प बसू नका. दोघींची ओळख करून द्या. पूर्ण नाव सांगा, आडनावासकट, आणि तिनं तुमचं कोणतं काम केलं तेही सांगा. नाव माहीत नसेल, तर आज तिला विचारून घ्या.