तीनशे वॉटचं लेबल

तासगावात आबांचा छापखाना होता. पुढच्या खोलीत छापखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. ओले कागद वाळत घालायच्या दोरीखाली बसूनच मी अक्षरं ओळखायला शिकले. दिवसभर बेदाण्याच्या पेट्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका छापायच्या, आणि उरलेल्या वेळात आबांची स्वतःची पत्रकं. हुंड्यावर, मजुरीवर, बुवाबाजीवर. जयंती जवळ आली की वस्तीचं पत्रकही आबाच लिहायचे आणि आबाच छापायचे. मला गोष्टीची पुस्तकं फार उशिरा मिळाली. त्याआधी मी ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ हे वाचलेलं होतं.

आबांचा एक नियम होता. ज्या कागदाच्या तळाला छापणाऱ्याचं नावगाव नाही, तो कागद हातात धरायचा नाही. “नाव लपवतोय म्हंजे उत्तर द्यायला थांबणार न्हाई,” ते म्हणत. मी हा नियम देवाच्या जागी ठेवला होता. आमच्याकडे देव नव्हता, त्यामुळे जागा मोकळीच होती.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा छापखान्यात कॉम्प्युटर आला. दिवसा त्यावर पत्रकं जुळायची आणि संध्याकाळी तो माझा. मी कॉलेजात होते आणि मोटारींच्या शर्यतीच्या गेमनं मला झपाटलं होतं. आमच्या साध्या मशिनवर रस्ता चौकडीच्या चादरीसारखा दिसायचा, झाडं एकदम उगवायची. मग सांगलीच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं मला थ्रीडी कार्ड लावून दाखवलं. रस्ता चकाकत होता! गाडीखाली गाडीची सावली पळत होती! मी त्याच्या दुकानात ओरडलेच. त्यानं ते कार्ड रविवारपर्यंत वापरून बघायला दिलं. चाललं तर ठेवा, नाहीतर परत आणा.

घरी येऊन कार्ड बसवलं, शर्यत लावली आणि तिसऱ्या वळणावर पडदा काळा. मशिन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झालं. पुन्हा लावलं, पुन्हा तिसऱ्या वळणावर तेच. त्यात जयंतीचं अर्धं जुळवलेलं पत्रकही उडालं, कारण मी ते सेव्हच केलं नव्हतं.

आबा चिडले नाहीत. त्यांनी फक्त जाहीर केलं. “रविवारी संध्याकाळपातूर ही गाडी न थांबता पळाली पायजे. आन् पळताना माझं पत्रक शाबूत राह्यलं पायजे. न्हाईतर कार्ड परत, आन् खेळ कायमचा बंद.”

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “कार्डाला दोष नाही ताई. तुमचा एसएमपीएस कमी पडतोय.” एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पंखा असलेला पत्र्याचा डबा. भिंतीतली वीज घ्यायची आणि मशिनला पचेल अशी करून वाढायची, हे त्याचं काम. घरात खाणारी तोंडं वाढली होती, वाढणारा मात्र जुनाच होता.

रविवारी एसटीनं सांगलीला निघालो. आबा सोबत होते, कारण यंत्राच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. माझ्या शबनममध्ये जुन्या पत्रकांत गुंडाळलेला ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा बल्ब होता, शेजारच्या गॅरेजमधून मागून आणलेला. डब्याची पारख नुसती हातात धरून होत नाही, त्याच्यावर ओझं टाकून बघावं, असं मी एका कॉम्प्युटर मासिकात वाचलं होतं. एसटीत खड्डा आला की मी पिशवी छातीशी धरत होते. आबांनी दोनदा विचारलं, “अंडी हायत का काय गं?”

दुकानदारानं काउंटरवर दोन डबे मांडले. एक मळकट, कोपऱ्याला गंज धरलेला, वर दोनशे तीस वॉट असं पुसट छापलेलं. दुसरा नवाकोरा, त्यावर चंदेरी लेबल आणि मोठ्या आकड्यात तीनशे वॉट.

“हा घ्या ताई. ह्याच्यावर छापखाना चालेल तुमचा.”

मी चंदेरी डबा उचलला आणि सवयीनं आधी तळ वाचला. बनवणाऱ्या कारखान्याचं नाव, दिल्लीचा पत्ता, नंबर, सगळं होतं. मळकटावरचं नाव तर वाचताच येत नव्हतं.

“आबा, बघा! नावगाव सगळं हाय.”

आबांनीही वाचलं. मान डोलावली. “झालं तर मग. उत्तर द्यायला उभा हाय म्हंजे माणूस खरा.”

आम्ही बापलेकीनं वीज न लावता, फक्त वाचून, डबा पसंत केला होता! दुकानदार कागदात गुंडाळायलाही लागला. मी बल्ब विसरले होते. पण मला छापलेलं काहीही दोनदा वाचल्याशिवाय सोडवत नाही. मी डबा परत ओढला, वाचता वाचता अंगठा लेबलाच्या कडेवरून फिरवला आणि थांबले.

लेबलाला दुहेरी रेघेची चौकट होती. डाव्या खालच्या कोपऱ्यात बाहेरची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी तुटलेली. ती तूट मला तळहातासारखी माहीत होती. आमच्या बेदाण्याच्या लेबलांवर तिथंच रेघ तुटते. चौकट आबांनी हातानं काढलेली, स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीत तेवढीच जागा बुजलेली. गिऱ्हाइकाचा डोळा जाऊ नये म्हणून सुट्टीत बसून पेननं ती रेघ जोडत राहणं हे लहानपणापासून माझं काम.

“आबा, ही चौकट आपली हाय.”

“येडी का खुळी तू.” त्यांनी चष्मा काढला, डबा डोळ्यांजवळ नेला. मग बराच वेळ खाली आणलाच नाही. “आपलीच की गं.”

दुकानदार हसायला लागला. “आवं मग इथं कशाला आलात? माल घरचाच निघाला की!”

आबांना आठवलं. दिवाळीच्या आधी एक जण चंदेरी कागदाचे ताव आणि मजकूर घेऊन आला होता. बेदाण्यासारखीच चौकट घाला म्हणाला. आबांनी छापून दिलं. “असंल कुठलातरी कारखाना म्हनलं. आपल्याला काय ठावं?”

माझं डोकं तापलं. दिल्लीचा कारखाना आणि लेबल तासगावात! “पत्रकाखाली आपलं नाव घालता. ह्याच्याखाली का घातलं न्हाई?”

“लेबलाला कोण नाव घालतंय?”

“तेच म्हणते मी. लेबलाला कोणीच घालत न्हाई.”

दुकानदारानं हात जोडले. “ताई, भांडण तासगावात जाऊन करा. मीही लेबल वाचूनच हे डबे घेतलेत. आता कुठला देऊ ते सांगा.”

तेव्हा मला बल्ब आठवला. मी तो पत्रकांतून सोडवून काउंटरवर ठेवला.

“आन् ट्रॅक्टर?” दुकानदार म्हणाला. “बाहेर लावलाय का?”

पण त्यालाही आता गंमत वाटायला लागली होती. त्यानं दोन्ही डब्यांना एकेक बिघडलेली हार्डडिस्क जोडली, नुसतं ओझं म्हणून. मी चंदेरी डब्याच्या पिवळ्या आणि काळ्या तारेला बल्ब लावला. त्यानं बटण दाबलं. बल्ब पेटला, पण काविळीच्या डोळ्यासारखा. पंख्याचा आवाज खाली खाली गेला, आत काहीतरी टक् झालं आणि सगळं बंद.

“तीनशे वॉट,” आबा एवढंच म्हणाले.

मग मळकट डबा. तो उचलतानाच मनगटाला कळलं, हा भरलेला आहे. बटण दाबलं आणि बल्ब असा पांढराफेक पेटला की आबांची टोपीसकट सावली मागच्या भिंतीवर उभी राहिली. पंखा एका सुरात चालू. आम्ही बघत राहिलो. बल्ब तापला, दुकानदाराचा चहा येऊन गार झाला, उजेड तसूभर हलला नाही.

“हाच!” मी ओरडले. “हाच द्या!”

दुकानदारानं मांडणीवरचे उरलेले चंदेरी डबे खाली काढून ठेवले.

घरी पोचलो तेव्हा ऊन होतं. मी कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डला वीज देणाऱ्या तारांच्या दोन जुड्या असतात, त्या बसवताना काळ्या तारा मधे शेजारी शेजारी यायला हव्यात. उलट बसल्या तर बोर्ड जळतो. आबा टॉर्च धरून उभे होते आणि सारखं म्हणत होते, “काळं काळ्यापाशी, काळं काळ्यापाशी.”

मशिन सुरू झालं. मी आधी जयंतीचं पत्रक उघडून ठेवलं, ते मागं ठेवून शर्यत लावली. पहिलं वळण. दुसरं. रस्ता आरशासारखा. तिसऱ्या वळणाला मी श्वास धरला, गाडी कठड्याला घासली, ठिणग्या उडाल्या, आणि पुढं निघाली! चौथं वळण मी कधी बघितलंच नव्हतं. तिथं पूल होता. पुलाखाली पाणी होतं, आणि पाण्यात पूल!

“आबा, पूल!”

“पत्रक?”

शर्यत संपल्यावर मी पत्रक पुढं आणलं. शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत. आबांनी तरी ते सगळं वाचून बघितलं, तळाच्या नावासकट. “ठेव कार्ड,” ते म्हणाले, आणि ट्रॅक्टरचा बल्ब तारांसकट दोरीच्या खिळ्याला टांगला. गॅरेजवाल्याला आम्ही दुसरा नेऊन दिला.

त्याच महिन्यात तो चंदेरी ताववाला परत आला. मी मागच्या बाजूला शर्यतीत होते. आवाज मात्र स्पष्ट येत होता.

“छापतो की,” आबा म्हणत होते. “ह्या बारीला आधी डबा आण. ह्यो बल्ब धड लागला तर लेबल छापतो, आन् खाली माझं नाव पण घालतो.”

“तुमी छापणारे का तपासणारे?” त्यानं विचारलं.

“दोन्ही.”

तावांची सुरळी गुंडाळल्याचा आवाज आला, मग मोटारसायकलचा. आबा माझ्यामागं येऊन उभे राहिले.

“गेला का?” मी पुलावर होते, मागं वळून बघणं शक्य नव्हतं.

“गेला. तुझं काय? जिंकलीस?”

“दुसरी आले.”

“मग लाव परत,” आबा म्हणाले, आणि त्यांनी स्टूल ओढलं.