ब्रेकबाईंच्या गाडीखालचा पुठ्ठा

गल्लीत त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. त्या गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसल्या की आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर जो पाय ठेवत, तो गाडी बंद होईपर्यंत काढत नसत. "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे," असं प्रत्येक नवशिक्याला सांगत. पाय मात्र तिथंच.

घरातही तेच. दाराला कुलूप लावलं की ओढून बघायचं, अर्धा जिना उतरून परत वर यायचं आणि पुन्हा ओढायचं. त्यांचे यजमान खालच्या पायरीवर वाट बघत उभे राहत.

"अगं, दमलं ते कुलूप."

"दमलेल्याचाच भरवसा नसतो."

यजमान पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत. गाडीच्या मागच्या बाजूला 'सावकाश, शिकाऊ चालक' ही अक्षरं त्यांचीच. पुढे हात कापायला लागले आणि ब्रश सुटला. आता ते झाडांना पाणी घालत आणि पेपर वाचत. घर चालत होतं ते या जुन्या गाडीवर. नवी घेण्याचं वय आणि बळ, ब्रेकबाईंकडे दोन्ही नव्हतं.

अशा गाडीखाली एका सकाळी तेलाचा डाग दिसला. गॅरेजच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडून आत बॅटरीचा झोत मारला. "इंजिनावरच्या झाकणाचं पॅकिंग वाळलंय, बाई. झाकण काढून नवं बसवतो."

"झाकण काढलंत की आत तुम्हाला आणखी दहा दुखणी दिसतील."

"मग झिरपू द्या. पण तेलाची पट्टी रोज बघा. तेल खालच्या खुणेखाली गेलं आणि तुम्ही तशीच गाडी पळवलीत, तर इंजिन जाम होईल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

पट्टी त्या रोज बघतच. पहिला विद्यार्थी आला की त्याच्यासमोर तेलाची पट्टी उपसायची, फडक्यानं पुसायची, परत बुडवायची आणि दोन खुणांच्या मधे तेल कुठवर आहे ते त्याला वाचायला लावायचं. त्याशिवाय किल्ली मिळत नसे.

डागाची बातमी जावयांपर्यंत गेली. जेवताना त्यांनी हळूच विषय काढला. "आई, गाडीचं वय झालं. माझ्या ओळखीचं एक गिऱ्हाईक आहे. तुम्हीही आता आराम करा."

ब्रेकबाईंना आराम हा शब्द शिवीसारखा लागला. "ज्या दिवशी पट्टीवरचं तेल खालच्या खुणेखाली जाईल, त्या दिवशी किल्ली तुमच्या हातात. तोवर हा विषय बंद."

"शब्द दिलात हं!"

"दिला."

यजमानांनी मान वर न करता पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवसापासून ब्रेकबाई गाडीखाली पुठ्ठा अंथरू लागल्या. रोज त्यावर ताजा डाग असे, आदल्या दिवशीपेक्षा मोठा. आणि पट्टीवर तेल तसूभरही उतरत नसे. गळकी घागर रोज भरलेलीच सापडावी, तसं. दुसरं कुणी असतं तर देवाची कृपा म्हणून गप्प बसलं असतं. ब्रेकबाईंची झोप उडाली.

एके सकाळी त्यांनी पुठ्ठ्यावरच्या डागात बोट बुडवलं. तेल पिवळंधमक, मधासारखं होतं. पट्टीवरचं मात्र काजळीसारखं काळं. म्हणजे हे तेल इंजिनातून आलेलंच नव्हतं. कुणीतरी बाटलीतून आणून ओतत होतं. गाडी गळतेय असं भासवायचं, म्हातारीला घाबरवायचं आणि किल्ली काढून घ्यायची! नातीला सोडायला रोज सकाळी कोण येतं? स्वतःची गाडी नेमकी शेजारीच कोण लावतं?

त्यांनी मुलीला फोन लावला. "तुझ्या नवऱ्याचे हात बघ. तेलकट आहेत का?"

"आई! स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं, हे त्यांना अजून माहीत नाही."

"असं दाखवणारेच पक्के असतात."

त्याच दिवसांत यजमानांचे रुमाल एकेक करून नाहीसे होत होते. पण एका वेळी एकच संशय नीट घेता येतो.

शेवटी त्यांनी सापळा रचला. आंघोळीच्या वेळी न्हाणीघरातला नळ सोडला, बाहेरून दार ओढून घेतलं आणि अनवाणी पायांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. खाली गाडी दिसत होती. जावई अजून आले नव्हते. आता येतील, वाकतील, आणि आपण वरून हाक मारू. काय म्हणून मारायची, तेही ठरलं होतं.

यजमान झाडांना पाणी घालायचा डबा घेऊन खाली उतरले. झाडं ओलांडून गाडीपाशी गेले. डब्यातून त्यांनी तेलाची बाटली काढली. बॉनेट उचलून दांडीवर टेकवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मग जुन्या कॅलेंडरच्या पानाची पुंगळी करून ते ओतू लागले. बाटली थरथरत होती. थोडं तेल आत जात होतं, थोडं इंजिनावरून ओघळून खाली पुठ्ठ्यावर. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घाईघाईनं पुसायला लागले.

ब्रेकबाईंना ठरवलेली हाक मारता आली नाही. त्या तशाच अनवाणी खाली गेल्या.

"अहो."

यजमान दचकले. "नळ चालू ठेवून आलीस?"

"विषय बदलू नका. कधीपासून चाललंय हे?"

"तू शब्द दिलास तेव्हापासून." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "दिलेला शब्द तू मोडत नाहीस. म्हटलं, मग तेलच खाली जायला नको."

"पट्टी बघून तरी घालायचं!"

"त्या खुणा चष्म्याशिवाय कुठं दिसतात मला? अंदाजानं घालतो."

ब्रेकबाईंनी पट्टी उपसली. आज तेल वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं. "अहो, इतकं भरलंत तर धड असलेलं पॅकिंगही फुटेल. आणि मी तिकडे जावयाला चोर ठरवतेय!"

"गाडी गेली असती तर तू दिवसभर घरात," यजमान म्हणाले. "मग मला चालायला शिकवलं असतंस. ब्रेकवर पाय ठेवून."

त्या हसल्या नाहीत. यजमानांच्या हातातली बाटली काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि मग ते झाकण त्यांच्याकडून एकदा तपासून घेतलं.

त्याच दुपारी गाडी मेस्त्रींच्या दारात उभी राहिली. जादा तेल काढलं गेलं, इंजिनावरचं झाकण उघडलं गेलं. जुनं पॅकिंग सालीसारखं तुकड्यातुकड्यांनी निघालं. ब्रेकबाई मेस्त्रींच्या खांद्यावरून आत बघत होत्या.

"आणखी काय सापडलं?"

"काही नाही."

"नक्की?"

"सापडायलाच हवं असेल तर शोधतो, बाई."

दुसऱ्या सकाळी पुठ्ठा कोरडा होता. त्याच्या पुढच्याही. नातीला सोडायला जावई आले, तेव्हा ब्रेकबाईंनी त्यांना गाडीपाशी नेलं. पट्टी त्यांच्याच हातात दिली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं.

"म्हणजे किल्ली तुमचीच," जावई म्हणाले.

"माझीच. आणि जावईबापू, मी तुमच्यावर नजर ठेवून होते. चुकलं माझं."

"माहीत आहे, आई. तुमच्या लेकीनं माझे हात दोनदा तपासले."

यजमान झाडांपाशी डबा घेऊन उभे होते. ब्रेकबाईंनी त्यांना हाक मारली. "या इकडे. चष्मा आणा." त्या दिवसापासून पहिला विद्यार्थी येण्याआधी पट्टी ते वाचतात. मग ब्रेकबाई ती पुसतात आणि पुन्हा एकदा स्वतः बघतात.